बाबांचा लॅपटॉप पाठवत नाही

प्रिय ताई,

'प्रिय' लिहिलंय, कारण पत्राची सुरुवात कशाने तरी करावीच लागते. तुझे तिन्ही निरोप मिळाले. बाबांचा लॅपटॉप नीट बांधून पाठव, तुझ्या ऑफिसातला कुणीतरी गेलेल्या फायली परत काढून देतो, बाबांनी तुझ्यासाठी लिहिलेलं त्यात सापडेल, आणि एवढं साधं पार्सल करायला मला महिना का लागतोय, असं तुझं म्हणणं. फोनवर मी हो हो म्हणत राहिले. तुझ्यापुढे माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. म्हणून कागद घेतला. लॅपटॉप मी पाठवणार नाही. का, ते सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगणार, आणि इथे तुला मध्येच तोडता येणार नाही.

तो लॅपटॉप मुळात तुझाच. दीड वर्षापूर्वी खोक्यात घालून पाठवलास, सोबत साधी चिठ्ठी नाही. तुझ्याकडे नवा आला असणार, म्हणून जुना बापाच्या गळ्यात. बाबांनी आठवडाभर त्या खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अकरा वर्षांचा तुमचा अबोला. तू घर सोडलंस त्या दिवशी जिन्यात उभं राहून ते जे बोलले, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं. परत पाऊल ठेवू नकोस म्हणाले, आणि तूही अशी गुणाची की खरंच ठेवलं नाहीस. पण लॅपटॉप आला तोवर कंपवाताने त्यांच्या हातात पेन ठरेना. सही करताना कागद फाटायचा. आवाज इतका बारीक झालेला, की फोनवर पलीकडच्याला नुसता श्वास ऐकू जायचा. एक दिवस मी प्रयोगशाळेतल्या नोकरीवरून घरी आले, तर खोकं उघडलेलं आणि बाबा एका बोटाने एकेक अक्षर हुडकत बसलेले. कुणाला लिहिताय, असं विचारलं, तर त्यांनी झाकणच खाली केलं. मी काय समजायचं ते समजले.

आणि काय तो तुझा लॅपटॉप! सुरू केला की पंखा असा घोंघावायचा, की शेजारची बाई एकदा विचारायला आली, मिक्सर बिघडलाय का म्हणून. वीस मिनिटांत खालचा भाग चटका देण्याइतका तापायचा आणि पडदा एकदम काळा. बाबांनी मरमर करून लिहिलेल्या चार ओळी गायब. ते पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करायचे. मला ते बघवेना. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर तो म्हणाला की बाई, हा इस्त्रीला वापरा, कपडे छान होतील. मग खोलून बघितलं त्याने. पंख्यात बोटभर जाडीची लोकर साचलेली, तुझ्या कुठल्याशा गालिच्याची. चिपवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून खडू झालेली. डिस्क तर अखेरच्या घटका मोजत होती, ती त्याने काढूनच टाकली. त्याच्या मते त्या जुन्या मशीनवरची सिस्टिम म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावर कपाट. त्याने एका पेनड्राइव्हवर लिनक्सची अगदी हलकी, छोटीशी सिस्टिम घालून दिली. पुढचे चार रविवार मी त्याच्या स्टुलावर बसून शिकले. या वयात, हो. तू कंप्युटर शिकायला गेलीस तेव्हा मी आईचं पथ्यपाणी करत होते, आठवत असेल तर.

मी नको असलेलं सगळं बंद केलं. चित्रं, सावल्या, मागे गुपचूप चालणारी कामं, सगळं. चिपचा वेग निम्म्यावर बांधून टाकला, लिहायला त्याहून जास्त लागतोय कुणाला! खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवल्या, हवा खेळावी म्हणून. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा आणून ठेवला. त्या आकड्याने बाबांची कळी खुलली बघ. तीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस, त्यांना काटा दिसला की बरं वाटायचं. साठच्या वर गेला की ते दोन्ही हात मांडीवर ठेवून थांबायचे आणि मला खुणेने सांगायचे की वाफ सोड. मग मी खिडकी उघडायची. कधी मुद्दाम गोधडीवर घेऊन बसायचे, खालची जाळी बुजायची, आकडा चढायचा, आणि मी ओरडले की पोरासारखे हसायचे. त्या दिवसांत आमचं जरा बरं जमलं होतं. तू त्या घरात नव्हतीस म्हणून नव्हे, असं मला म्हणायचंय, पण ते खरं असेलच असं नाही.

आता नीट वाच. या असल्या सिस्टिमची एक रीत असते. ती सगळीच्या सगळी मशीनच्या चालू मेमरीत उतरते आणि तिथेच राहते, म्हणून तर डिस्क लागत नाही आणि काही तापत नाही. तुम्ही केलेलं कामही तिथेच असतं. मशीन बंद करताना ती एकदाच विचारते, आजचं सगळं पेनड्राइव्हवर ठेवू का? हो म्हटलं तरच ठेवते. बाबांच्या बोटांना ते छोटं बटण सापडायचं नाही, म्हणून रोज संध्याकाळी बंद करायचं काम माझं. पण सकाळी पुन्हा सुरू झाला की त्यांना आपली फाइल मिळायची नाही, ते गोंधळायचे, रडकुंडीला यायचे. त्यातून एकदा त्यांनी आधीचं सगळं, पेनड्राइव्हवरचंही, पुसून टाकलं आणि नव्याने लिहायला घेतलं. मग मी बंद करणंच सोडून दिलं. नुसतं झाकण मिटायचं, सकाळी उघडायचं, फाइल समोर हजर. तेवीस दिवस तो लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही, ताई. मी दुरुस्तीवाल्याला मोठ्या तोऱ्यात सांगून आले. तो म्हणाला की अहो, पेनड्राइव्हवर ठेवता ना मधूनमधून? मी हो म्हटलं आणि विसरले. बाबा रोज आपल्या परीने फाइल जपायची कळ दाबायचे, ते जायचं चालू मेमरीतच, पण त्यांना वाटायचं झालं. माझी चूक ती एवढीच, आणि तेवढीच असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

चोविसाव्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि दोन दिवसांत ते गेले. त्यांना पोचवून आम्ही दुपारी घरी आलो. तू यायला अजून दोन तास होते. लॅपटॉप टेबलावर तसाच, वायर लावलेली. मी झाकण उघडलं. पहिली ओळ 'माझ्या लाडक्या बाळा' अशी होती, आणि एक क्षणभर, देवाशप्पथ, मला वाटलं की ते माझ्यासाठी आहे. अकरा वर्षं त्यांच्याजवळ राहिले, शेवटी शेवटी न्हाऊ घातलं, दाढी केली, घास भरवले. मला तसं वाटलं, त्यात काही चुकलं का? पण ते तुला होतं. तू आलीस तेव्हा मी दारातच तुला सांगितलं, की बाबा तुला काहीतरी लिहीत होते, पण मशीन तापून बंद पडलं, सगळं गेलं. तू जिन्यात खाली बसलीस आणि मला मिठी मारून रडलीस. उलट माझंच सांत्वन केलंस, की तुझा काय दोष, उष्णतेला कोण काय करणार.

मशीन तापलं नव्हतं. कोपऱ्यात एक्कावन्न होते. मी ते पत्र तीनदा वाचलं, पुन्हा दोनदा वाचलं, आणि मग मशीन बंद करायला घेतलं. त्याने विचारलं, ठेवू का? मी नको म्हटलं. चालू मेमरीतलं गेलं ते गेलं, तुझ्या माणसाने मशीनचा भुगा केला तरी हाती काही लागायचं नाही. डिस्क त्यात नाहीच, एवढं एका ओळीत कळवलं असतं तरी तू गप्प बसली असतीस, आणि मला ते सुचलंही होतं. पण परवाच्या फोनवर तू म्हणालीस, की त्यांनी मला माफ केलं होतं की नाही तेवढं कळलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी माफ केलं नव्हतं, ताई. त्यांनी तुझी माफी मागितली होती. सोबत चार कागद आहेत. त्यांचं पत्र मला जवळजवळ पाठ आहे, जसं आठवलं तसं उतरवलंय, अडलेले शब्द त्यांच्यासारखेच अडलेले ठेवलेत. जिन्यातलं बोलणं त्यात आहे, तुझा तो शाळेतला ताप आहे, तुला खांद्यावर घेऊन बॉयलर दाखवला ते आहे. 'माझं इकडे सगळं व्यवस्थित होतं, काळजी करू नकोस' असं एक वाक्य आहे, ते करणारं कुणी होतं असं पुढे काही नाही. चारही पानांत माझं नाव एकदाही नव्हतं. उतरवताना एके ठिकाणी घालावंसं फार वाटलं, कुणाला कळलं असतं? घातलेलं नाही.

तुझीच,
शेंडेफळ