दादाचं पोट, फुसाएचे गुडघे

तोयामा, ९ फेब्रुवारी

चि. फुसाएस तोकुजीदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कंबर उतरवायला मला काय किंमत पडली ते ऐक. औषधाचं बिल सोड. संध्याकाळची साके दारू गेली, तळलेलं डुक्कर गेलं आणि सकाळ सगळी संडासात गेली. पण पाटलोण आता हाताने धरून चालावं लागतं! पाठीवर औषधांची पेटी मारून गावोगाव हिंडलेला माणूस मी, मला का पारख नाही? आपला जुना काढाच, आता पुडीत मिळतो. साठलेली चरबी जाळतो, पोट साफ ठेवतो. माझ्यातल्याच पुड्या पाठवतो आहे. जेवणाआधी गरम पाण्यातून घे. वजन उतरलं की गुडघे मुकाट चालतील. टोफूचं दुकान सोडायची भाषा नको. तुझी कियोवहिनी आठवण काढते.

तुझा दादा

कानाझावा, २० फेब्रुवारी

ती. दादास फुसाएचा शि. सा. न. वि. वि.

पुड्या नेमाने घेते. चरबीचं ठाऊक नाही, मी मात्र विरघळत चालले आहे. माझ्या संडासाच्या येरझाऱ्या बघून शेजारची नोबुको विचारते की बाई, दुकान नक्की कुठल्या खोलीत आहे? काल हातातून साचा निसटला, सगळा टोफू लादीवर. गुडघे तसेच सुजलेले. चेरी फुलेपर्यंत दुकान नीट चाललं नाही तर जागा दुसऱ्याला देईन, असं मालक सांगून गेला. मला दुसरं येतं काय? पण तुझी पाटलोण आठवते आणि धीर धरते. एकीऐवजी दोन पुड्या घेऊ का? वहिनींना नमस्कार.

तुझी फुसाए

तोयामा, २२ फेब्रुवारी

चि. फुसाएस अ. आ.

एकही पुडी घेऊ नकोस! तुझं पत्र घेऊन हिराइवा वैद्यांकडे धावलो. म्हातारा कडाडला की जन्मभर औषध विकलंस, पण कुणाचं पोट दाबून पाहिलंस का? माझं पोट डंक्यासारखं टणक, कोठा जड. त्याला त्या पुडीतली रेवंदचिनी, ती जुलाबाची मुळी, मानवते. तीच दुसऱ्याला पार झोपवते. तुझ्यासाठी दुसरं काही द्या म्हटलं, तर पोट पाहिल्याशिवाय चिमूटभरही देणार नाही म्हणाले. रविवारच्या गाडीने ये. कियो स्टेशनवर थांबेल. तोवर पातळ पेज खा. दुकान दोन दिवस बंद राहिलं तर राहू दे. बहीण मला एकच आहे.

तुझा दादा

कानाझावा, ६ एप्रिल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हिराइवांनी पोट दाबलं, घोटे चेपले, जीभ पाहिली आणि सांगितलं की ही चरबी कमी, पाणीच जास्त. त्यांच्या औषधाने सूज ओसरली. वजन जेमतेम हललं आहे, पण पहाटे कढईपाशी उभी राहते. चेरी फुलली, दुकान उघडं आहे. मालक परवा आला, टोफू घेऊन गेला, जागेचा विषयही काढला नाही. पेज भरवलीस, स्टेशनपर्यंत माझी पिशवी उचललीस, ते विसरणार नाही. असाच जीव लावत जा.

तुझी फुसाए

ता. क. वहिनी सांगत होत्या, नव्या वर्षाचे मोचीचे तांदळाचे गोळे खाऊन तुझी पाटलोण कमरेला बसेना, म्हणून त्यांनी ती तुझ्या नकळत उसवून चार बोटं वाढवली होती.