उतारावर गाडी थांबली

अगं,

ब्रेकची डिस्क निवडणं हा माणसाच्या आयुष्यातला सर्वात गंभीर निर्णय आहे. तो मी तीन आठवडे घेत होतो. मेकॅनिकने आज दोन मिनिटांत निकालात काढला. मला हवी होती ती भोकांची मोठी डिस्क आपल्या चाकात मावत नाही आणि शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक-पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. "काका, तुमचे पॅड तापेपर्यंत तुमचं घर येतं," म्हणाला. शेवटी नवी पण साधी डिस्क आणि साधेच पॅड बसवले.

ज्या उतारावर गाडी थांबेना म्हणून तू किंचाळलीस आणि त्या दिवसापासून बसने जायला लागलीस, तिथे आज वीसदा ब्रेक मारून पाहिला. जागच्या जागी थांबते! जीव भांड्यात पडला. उद्या आईंना डॉक्टरांकडे गाडीनेच नेऊ. हवं तर मागे बस, पण बस.

मी कॅन घेऊन बाहेर पडलोय. गाडी उतारावरच उभी आहे, पेट्रोल संपलं.