मामाच्या गाडीमागचा वकील

कुमासी, सोमवार

आदरणीय बोआतेंग मामांना भाचा क्वाकूचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि गाडीचा गिअरबॉक्स ठीक असावेत. (तुमच्या काळजीचा क्रम उलटा असतो हे ठाऊक आहे, पण पत्र मामीही वाचणार.) मामींनी पाठवलेले कंद पोचले. ते उकडून कुटलेल्या फुफूच्या गोळ्यांवरच सध्या माझी वकिली चालली आहे.

मामा, आमच्या धंद्याचा एक नियम आहे. वकिलाने आपण वकील आहोत असं ओरडून सांगायचं नाही. दारावर वीतभर पाटी, बस्स. अशिलाने आपल्या पायांनी यावं आणि वकिलाने ‘अरेच्चा, तुम्ही कसे काय?’ असा चेहरा करावा. तो चेहरा मला उत्तम जमतो, फक्त बघायला कोणी येत नाही.

आणि तुम्ही तुमच्या प्रवासी गाडीच्या पाठीवर काय रंगवून घेतलंत! इतकी वर्षं तिथे ‘देव बघतोय’ होतं, ते काय वाईट होतं? आता ‘पोलीसदादा, जपून! माझा भाचा क्वाकू आम्पोंसा, कुमासीचा मोठा वकील, कधी हरत नाही’, खाली माझा फोन नंबर, आणि शेजारी कोर्टातला पांढरा विग घातलेला माझा चेहरा. (तुमचा पेंटर फुटबॉलपटू झकास काढतो म्हणे. मी मात्र लोकर कातरायला आणलेला मेंढा दिसतो.) ‘कधी हरत नाही’ वाचून माझी अशिलं, आहेत दोन, पोट धरधरून हसली. मी आजवर एकदाच जिंकलो, तेही समोरच्या वकिलाला मलेरिया झाला म्हणून.

बरं, रंगवलंत ते रंगवलंत. गाडीने बंद पडायचं तर रानात कुठेतरी पडावं! ती पडली थेट कोर्टाच्या फाटकासमोर, तेही कोर्टाचं नवं वर्ष सुरू होण्याच्या दिवशी. न्यायाधीश झगे सावरत मिरवणुकीने येताहेत आणि वाटेत मी, मेंढ्याच्या अवतारात! एका म्हाताऱ्या न्यायाधीशांनी तर चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शेवटी चार ज्येष्ठ वकिलांनी गाडी ढकलून बाजूला केली. ढकलताना त्यांच्या नाकासमोर ‘कधी हरत नाही’ होतं.

लगेच शिस्त समितीची नोटीस आली. जाहिरात करून अशिलं गोळा केल्याचा आरोप आहे आणि गुरुवारी सुनावणी. सनद गेली तर मामा, मला दुसरं काही येत नाही. (हेही येतं असं कोर्टाचं मत नाही.)

गोळा केलेल्या अशिलांचं म्हणाल, तर फोन दिवसभर वाजतो, पण तो गाडीचा नंबर समजून. ‘तेचिमनची पहिली गाडी कधी?’ ‘टपावर बकरी चालेल का?’ गाडीत राहिलेल्या छत्रीवरून एका बाईने माझा उद्धार केला. आता गुरुवारी मला शपथेवर सिद्ध करायचंय, की एवढी जाहिरात होऊनही कुत्रं फिरकलं नाही. अब्रू वाचवायला आपली बेअब्रूच साक्षीला उभी करायची! पण पुरावा भक्कम आहे. ही दुसरी केस मी बहुधा जिंकेन.

फोनवर तुम्ही म्हणालात, “अरे, बाजारात कोंबडी विकायची तरी लोक ओरडतात, आणि मी एवढा शिकलेला भाचा पोत्यात झाकून ठेवू?” मामा, याच गाडीच्या भाड्यावर मी शिकलो, तेव्हा तोंड वर करून काय बोलू? पण गुरुवारी याच. ‘भाच्याला न विचारता रंगवलं’ एवढंच सांगा आणि खाली बसा. माझे शाळेतले मार्क सांगू नका. आणि येण्याआधी ते सगळं पुसून टाका, अगदी सगळं.

तुमचा आज्ञाधारक,
क्वाकू

ता. क. पत्र बंद करताना फोन वाजला. सवयीने म्हणालो, “साडेपाचला सुटते, मागची सीट आहे, बकरीचं भाडं वेगळं.” समितीच्या चिटणीसबाई होत्या. म्हणाल्या, “सुनावणी नऊ वाजता आहे.”

पुन्हा ता. क. पत्र तुमच्या ड्रायव्हरकडे द्यायला स्टँडवर गाडीपाशी आलो, तो काळ्या रंगाचा डबा घेऊनच. म्हटलं, मामांची वाट कशाला बघा, आपणच उरकू. नाव, ‘वकील’, ‘कधी हरत नाही’ आणि तो मेंढा, सगळं काळं केलं. ‘माझा भाचा’पाशी ब्रश आला आणि हात चालेना. माझ्या बापाने तरी मला कधी चारचौघांत असं आपलं म्हटलं होतं? डोळे भरून आले, मामा. तेवढं ठेवलंय. ते पुसू नका.

फोन नंबरही राहू द्या. नुसत्या नंबराला कायद्याची हरकत नाही, आणि दिवसभर फोन वाजत असला की शेजारच्या वकिलाला वाटतं, माझं बरं चाललंय.