टाकीतला घास

१२ जानेवारी १९९४
हृषीने माशांची टाकी आणली! न विचारता. ह्यांची खुर्ची होती त्या कोपऱ्यातच मांडली. म्हणाला, आई, मी दिवसभर पीथमपूरला कारखान्यात ड्यूटीवर, तुला घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं. मासे बोलतात कुठे? खुर्ची गच्चीवर गेली.

१४ जानेवारी
संक्रांत. मला कुणाकडे जायचं नाही. वाचत बसले.
ह्यांच्या नावाचा भाताचा घास रोज गॅलरीत ठेवते. कार्तिकात गेले, तेव्हा दहाव्याला कावळा शिवलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. बंद पडलेली मिल उघडेल म्हणून शेवटपर्यंत डबा घासून ठेवायला सांगायचे— जीव तिथेच अडकला असेल.
आजही घास वाळून गेला. उचलून टाकीत टाकला. मासे धावून आले! लगेच शिवले. आता रोज तिथेच टाकीन.

१७ जानेवारी
एक मासा मेला. आणि घरात वास. मिलच्या रंगखात्यातून आले की ह्यांच्या सदऱ्याला यायचा, तोच. डोळ्यांत झोंबणारा. हृषीला विचारलं. त्याला येत नाही.

१८ जानेवारी
मासे बादलीत काढून टाकी रिकामी केली. वाळू, गोटे, स्पंज— सगळं उकळत्या पाण्याने धुतलं, सुतक फिटल्यावर घर धुतात तसं. नवं पाणी भरलं. दुपारी घास टाकला.

२० जानेवारी
आणखी मेले. दोनच उरले. वर येऊन नुसती तोंडं उघडतात.

२१ जानेवारी
टाकीतलं पाणी बाटलीत भरून बड़ा गणपतीपाशी माशांच्या दुकानात गेले. दुकानदार रघुवीरजींनी त्यात औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, गर्द हिरवं झालं. "अमोनिया है, माताजी. नया टैंक है, पानी अभी पका नहीं."
लोणचं मुरतं, आंबा पिकतो— पाणीसुद्धा पिकतं! वाळूत, स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते घाण पचवतात. मी त्यांनाच उकळत्या पाण्याने मारलं. आता स्पंज धुवायचा नाही, रोज थोडं पाणी बदलायचं, खाणं अगदी चिमूटभर. भाताचं सांगितलं तर कपाळाला हात लावला. "चावल सड़ता है, माताजी. मछली को मारना है क्या?"
म्हटलं, त्या अमोनियाचा वास घरभर येतो. ते म्हणाले, टाकीतल्या इतक्याशा अमोनियाचा माणसाला वास येत नाही. मासा मरतो, नाकाला पत्ता लागत नाही.
मग मला येतो तो—

२२ जानेवारी
आज घास टाकला नाही. गॅलरीतही ठेवला नाही. तो वाळलेला पुन्हा बघवणार नाही.
एकच मासा उरलाय.

२५ जानेवारी
वास वाढलाय. पदराला, उशीला, पुस्तकाच्या पानांनाही. मासा तळाशी बसून माझ्याकडे बघतो. थोडं पाणी काढलं, थोडं घातलं.
जेवताना सारखं वाटतं, हे उपाशी आहेत. भाताचा घास हातात घेऊन टाकीपाशी उभी राहिले. काच आतून पुसल्यासारखी झाली, एवढ्याच जागी— तळहाताएवढ्या. माशाचं शेवाळ खाणं असेल. असेलच.
घास टाकला नाही. जो जिवंत आहे, त्याच्याकडे आधी बघायचं. हात धुतले आणि रडले.

२७ फेब्रुवारी
पाणी पिकलं! रघुवीरजींचे थेंब पिवळेच राहिले. मासा उसळी मारून खाणं घेतो. वास गेला, कुठेच नाही. सगळ्या खोल्यांतून हुंगत फिरले. घर नुसतं घर झालंय.

२८ फेब्रुवारी
हृषी ड्यूटीवरून आला आणि उंबऱ्यातच थांबला.
"आई, बाबांच्या सदऱ्याचा वास येतोय."
मला येत नव्हता. मी तिसरं पान वाढायला घेतलं. हृषी बाजूला सरकून बसला.