वाळूकडचा काठ

९ मार्च
आज धुकं नाही. धुकं टिपायच्या जाळीखालचा डबा कोरडा.

वाळू आणखी दोन पावलं आत आली — नदीच्या पात्रात! कुइसेब नदीला पाणी येऊन तीन वर्षं झाली. दर वर्षी पूर यायचा, पलीकडून घसरलेली वाळू उचलून न्यायचा, म्हणून अलीकडे आमची घरं, शेळ्या, झाडं. पूरच नाही तर तिला अडवणार कोण? मी खराटा घेऊन उभी राहू?

पात्रातला झिरा आणखी हातभर खणला. बादलीभर गढूळ पाणी. शेळ्यांना आधी पाजलं.

टेकाडावर चढून रेंज मिळवली, रेनाटेला फोन केला. पोरीचं तेच. "आई, एकतीस तारखेपर्यंत नदी आली नाही तर मी गाडी घेऊन येते, आणि तू गपचूप बसतेस!" बंदरावर तिचं दोन खोल्यांचं घर, शेजारी माशांचा कारखाना. रागाच्या भरात म्हणाले, "बसते! आणि आली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही!" आता पस्तावतेय.

१२ मार्च
धुकं! पहाटेपासून समुद्राकडून येत होतं. जाळीवरून डबा अर्धा भरला. काळे भुंगे वाळूवर शेपटं वर करून उभे, पाठीवरून थेंब तोंडात. माझ्याहून शहाणे.

आमच्या डोक्यावरचं आभाळ काही देत नाही. धुकं थंड समुद्राचं, पूर लांबच्या डोंगरांतल्या पावसाचा. आम्हीही फेड करतो — पूर्वेचा वारा सुटला की आमची धूळ समुद्रात जाते, आणि तिच्यावर मासे पोसतात असं माझा नवरा फिलेमोन म्हणायचा. तो जाऊन चार वर्षं झाली. वाळवंटालासुद्धा एकट्याने जगता येत नाही. मला मात्र येतं म्हणे!

१४ मार्च
जोसुआ आला होता. फिलेमोनचा धाकटा भाऊ. वस्तीत आता आम्ही दोघंच — तो त्या टोकाला, मी या. लांबून हात केला तर पाहून न पाहिल्यासारखं. ताठा! अगदी दारात आल्यावर म्हणे, "कोण, वहिनी?" दुसरं कोण असणार इथे?

पलीकडे वाळूत नाराच्या काटेरी झुडपांवर खरबुजासारखी फळं पिकलीत, दहा-बारा दिवस तिकडेच राहणार म्हणाला. गाढवं, चार कॅन पाणी. म्हटलं, "नदी आली तर?"

"तुझ्या धुराने येते ती. मागच्या वर्षी आली तशी!"

झोंबलं. पाण्याची बातमी ज्याला आधी कळेल त्याने काठावर ओल्या फांद्या जाळायच्या. धूर दिसला की वाळूकडची माणसं हातातलं टाकून अलीकडे येतात. मागच्या वर्षी मी जाळल्या, तो फळांचा ढीग सोडून धावत आला, आणि पाणी वरच्या अंगालाच वाळूत जिरलं. ढीग कोल्ह्यांनी फस्त केला. माझी काय चूक? बातमी खरी होती!

"आता धूर केलास तरी मी येणार नाही," म्हणाला आणि गेला.

१७ मार्च
आज कोणाशीच बोलले नाही. शेळीला शिव्या घातल्या, तेवढंच.

२१ मार्च
डबा कोरडा. दहा दिवस उरले. फिलेमोनचा कोट बाहेर काढला, झटकला, परत ठेवला. बंदरावर कोण घालणार तो?

२३ मार्च
सकाळी टेकाडावर होते, तेवढ्यात हिल्डेचा फोन. माझी मावसबहीण, वरच्या वस्तीत असते. "निघालंय गं! अख्खी झाडं वाहून आणतंय! दुपारपर्यंत तुझ्याकडे!"

काठावर फांद्या पेटवल्या. धूर सरळ वर गेला, कोणालाही दिसावा असा. पलीकडे हालचाल नाही. आणखी फांद्या घातल्या. गोठ्याच्या कुंपणातल्याही काढून घातल्या. काही नाही. हट्टी माणूस! पात्राच्या मध्यापर्यंत जाऊन ओरडले. घसा बसला.

मग ऐकू आलं — लांबून ट्रक यावा तसं. मागे पळाले. फेसाची मळकट जीभ आली, पुढे काटक्या, शेणं, विंचू. मग पाणीच पाणी! पलीकडच्या वाळूचे पाय धडाधड तुटून पडत होते. मी रडत होते. आनंदाने की त्याच्या काळजीने, कोण जाणे.

२४ मार्च
टेकाडावरून रेनाटेला कळवलं. म्हणाली, "जिंकलीस, आई!" हसत होती. मलाही हसावं लागलं.

पलीकडे कोणी नाही.

२५ मार्च
दिसला! काठावर बसलाय, दोन्ही गाढवं शेजारी. मी दोन्ही हात केले, ओढणी फडकावली. त्याने हात वर केला नाही. मेल्या, निदान मान तरी हलव! तरी संध्याकाळपर्यंत समोर बसून राहिले. तोही बसला होता.

२९ मार्च
पाणी गुडघ्याएवढं झाल्यावर गाढवाची शेपटी धरून आला. चहा दिला. मी तोंड सोडलं — धूर दिसूनही आला नाहीस, मेला असतास, तुझा राग जाळायचा आहे का!

तो म्हणाला, "कुठला धूर?"

मग हळूहळू बोलला. वर्ष होत आलं, मागच्या धुरानंतरच डोळे गेले. लांबचं सगळं दूध झालंय. फळं हाताने चाचपून कळतात, वाट गाढवांना कळते. "तुला सांगितलं असतं तर तू रेनाटेला सांगितलं असतंस. मग मला नेलं असतं."

"आणि आता?"

"आता नेऊ दे, वहिनी. नदीचा आवाज आला तेव्हा मला कळेना कुठल्या बाजूने येतेय."

टेकाडावर जाऊन रेनाटेला फोन केला. मीच.

३१ मार्च
झिरा काठोकाठ. नदीत ओलावा, वर्षभर पुरेल. रेनाटे गाडी घेऊन आली, मला मिठी मारली, जोसुआला पुढे बसवलं. तो काच खाली करून माझ्या विरुद्ध दिशेला हात हलवत राहिला. मागची सीट रिकामी होती. "बस," म्हणाली असती तर बसले असते.