चाळीसची पन्नास

रविवार, ९ मार्च

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी भलतंच समजतो, असं तुझी आई म्हणते. जन्मभर मोटरींना कान लावून बसलो, त्याचं हे बक्षीस. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तुझं कसं चाललंय? वर्कशॉपमध्ये खाली ऑइल सांडलेलं असतं, चपला घालून फिरू नकोस. खोलीची कडी ढिली आहे म्हणाला होतास, ती बसवलीस का? एक स्क्रू पिळायचं काम. तुझ्या कडीपायी मला इथे झोप लागत नाही.

आई बरी आहे. मीठ कमी केलंय, पाणीही मोजून पिते. वयाचं काहीतरी असायचंच. दुकान उघडतो, बंद करतो. मधल्या वेळेत कुणी तुटलेली दोरी बदलायला आलं तर आलं.

पत्राचं कारण वेगळं आहे. एक गिऱ्हाईक आलंय. बोटीची चाळीस घोड्यांची मोटर, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. त्याला ती पन्नासची करून हवी. ब्लॉक दोन्हींचा एकच असतो. चाळीसवालीच्या कार्बोरेटरचा गळा बारीक ठेवतात, एवढाच फरक. ‘एकाच आईची दोन पोरं, एकाला पोटभर वाढायचं, दुसऱ्याला अर्धपोटी उठवायचं,’ असं तूच म्हणायचास. तुझ्या आईला हे सांगितलं तर म्हणते, “दहा घोडे वाढवताय खरे, पण बांधणार कुठे?” तिला कशातही विनोद सुचतो.

मी असली कामं घेत नाही, हे तुला सांगायला नको. पण या गिऱ्हाइकाची अडचण खरी आहे. घरात आजारी माणूस आहे. आठवड्यातून तीनदा पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात न्यावं लागतं, रक्त साफ करायच्या मशीनवर. रस्त्याने जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा, अर्धा दिवस त्यातच जातो. बोटीने जावं तर समोरून वारा. बोट नुसती रांगते. आजारी माणूस भिजतं, ओकतं, आणि वेळेवर पोचलं नाही तर मशीन दुसऱ्याला देतात. त्यांचं तरी काय चुकलं? बाहेर रांग बसलेली असते. गिऱ्हाईक म्हातारं आहे, नवी मोटर त्याला झेपायची नाही.

तर गळा किती वाढवायचा आणि पेट्रोलचे जेट कुठले घालायचे, ते कळव. त्या जाळेवाल्याच्या मोटरीला तू केलं होतंस, तसंच. तेव्हा मी दुकानात चार माणसांसमोर जे बोललो, त्याचा इथे काही संबंध नाही. हे कामाचं पत्र आहे.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरच्या नको. आईला दुसऱ्यांची पत्रं फोडायची सवय आहे.

तुझा,
बाबा


सोमवार, २४ मार्च

चि. ठोक्यास आशीर्वाद.

जेट मिळाले. चिठ्ठीही मिळाली. चिठ्ठी कसली, तारच ती! ‘सोबतचे जेट घातल्याशिवाय चालवू नका. पिंपात सगळ्याच मोटरी गातात. पाण्यावर चालवून प्लग बघा, पांढरा पडला तर पेट्रोल कमी पडतंय, थांबा. मोटर कुणाची?’ संपलं. जेवलास का, झोपतोस का, काही नाही. मोटर गिऱ्हाइकाची आहे, मागेच लिहिलं होतं.

दोन्ही कार्बोरेटर ओट्यावर खोलले. पॉलिश पेपर काठीला गुंडाळून गळे घासले, तू लिहिलंस तेवढेच, जास्त नाही. तुझ्या आईने ते खिडकीशी उजेडात धरून ठेवले. ती मला बजावत होती, “दोघांनाही सारखं वाढा हो, एकावर माया नको.” वास तिला सहन होत नाही हल्ली, तरी बसली.

जेट मात्र मला मोठे वाटले. जेट मोठं म्हणजे पेट्रोल जास्त, आणि गिऱ्हाईक काटकसरी आहे. तूर्त जुनेच ठेवलेत. पिंपात पाणी भरून चालवून पाहिली, सुरेख वाजली. म्हणजे मला जेवढी ऐकू आली तेवढी. पाण्यावरचं पुढे बघू. त्याला घाई आहे रे.

कडीचं तू काहीच लिहिलं नाहीस.

बाबा


शनिवार, २९ मार्च

चि. ठोक्यास,

मोटर धरली. वरच्या सिलिंडरमध्ये पिस्टन जाम झाला.

हे पत्र पुरतं वाच, मग काय करायचं ते कर. मध्येच उठून फोनकडे जाऊ नकोस. ती आत्ता जेवून आडवी झाली आहे. बरी आहे.

गिऱ्हाईक कुणी नाही. मोटर आपल्या बोटीची आहे. मशीनवर तुझ्या आईला न्यावं लागतं. दोन्ही मूत्रपिंडं थकलीत, असं डॉक्टर म्हणाले. तुला कळवायचं नाही म्हणून तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. ‘आत्ता कुठे त्याचं बस्तान बसतंय’ म्हणाली. वचन मोडायला मला धीर होत नव्हता, आणि तुला बोलवायला त्याहून नव्हता. म्हणून ते गिऱ्हाईक जन्माला घातलं.

गुरुवारी निघालो. धक्क्यापासून बाहेर पडलो आणि मोटर पूर्ण वेगात सोडली. ठोक्या, बोट जी उठली! नाक वर, आजूबाजूला पाणी कापल्यासारखं. तुझ्या आईने पदर तोंडावर ओढून घेतला आणि ओरडून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, पण हसत होती. अशी हसलेली मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. प्लग बघायला थांबायचं होतं. तुझी चिठ्ठी खिशातच होती. पण ती हसत होती, आणि वेळेच्या आधी पोचणार होतो. म्हटलं, पलीकडे गेल्यावर बघू.

निम्म्या पाण्यात मोटरीचा आवाज चिरका झाला असणार. तो मला ऐकू यायला हवा होता. एकदम कचका बसला आणि सगळं थांबलं. दोरी ओढली तर दगड ओढल्यासारखी. हवा वाढवली, पेट्रोल तेवढंच ठेवलं. आणि ऑइल तर पेट्रोलमधूनच जातं. पिस्टन कोरडा पडला. पोराटोरालाही कळलं असतं.

वल्ही काढली. वारा समोरून. दोन हात पुढे जायचो, दीड हात मागे. तुझी आई फळीवर बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “पन्नास घोडे होते मघाशी. आता एक म्हातारं गाढव उरलं.” मला हसू आलं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, “अहो, दमू नका. एक दिवस राहिलं तर काय होतंय?” काय होतं ते तिलाही माहीत आहे, मलाही. तिचे पाय सकाळीच सुजलेले होते.

तेवढ्यात तो जाळेवाला आला. जाळी अर्धी टाकलेली सोडून आला. दोर फेकला, माझ्या मोटरीकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाला, “काका, दोर घट्ट बांधा. ठोक्याच्या हातची मोटर आहे, दोन बोटी ओढेल.”

ओढल्या. पार पलीकडच्या धक्क्यापर्यंत ओढल्या.

ती मोटर मी रोज ऐकतो, दुकानासमोरूनच जाते. तू गेल्यापासून एकदाही बिघडून माझ्याकडे आलेली नाही. कार्बोरेटरचा गळा वाढवणारा माणसाचा गळा कापतो, असं मी तुला चार माणसांत म्हणालो होतो. माझी जळली म्हणून माझं म्हणणं खरं ठरलं, असं तुला वाटेल. तसं नाही. गळा वाढवला म्हणून नाही जळली. तू सांगितलेलं अर्धंच ऐकलं, म्हणून जळली.

पोचायला उशीर झालाच. मशीन दुसऱ्या बाईला दिलं होतं. संध्याकाळपर्यंत बाकावर बसलो तेव्हा नंबर लागला. नर्स जरा रागावली. “आजी, तुम्हाला मुलगा नाही का?” मी मधेच बोललो, “आहे ना, बोटींच्या मोटरींचा मेकॅनिक आहे, फार चांगला.” ती म्हणाली, “मग मोटर कशी बिघडते हो?” तुझी आई म्हणाली, “मोटर ठीक होती ग. मोटरवाला बिघडला होता.”

आता जाळेवाला नेतो आम्हाला. पण त्याची जाळी आहेत, पोरंबाळं आहेत. दर खेपेला त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं मला होत नाही. परवा पुन्हा जायचंय. त्यानंतरही जायचंच आहे.

मोटर ओट्यावर आहे. वरचा पिस्टन अजून बाहेर काढलेला नाही, जोर लागत नाही. तुझे जेट डबीत आहेत, एकही हरवलेला नाही. आणखी काही पाठवू नकोस, तू ये. तुझ्या कोपऱ्यातलं सामान हलवून जागा केली आहे. काम तुझ्या पद्धतीने कर. मी शेजारी बसेन, विचारल्याशिवाय बोलणार नाही. तू म्हणशील, तुम्ही? गप्प? प्रयत्न करीन.

आई उठली आहे. काय लिहिताय म्हणून विचारते. तुझं नाव सांगितलं तर रागावली नाही. म्हणाली, “लिहिलंच आहे तर हेही लिहा, ये म्हणावं, पण रात्रीचा प्रवास करू नकोस. आणि ते गिऱ्हाईक काढून टाका पत्रातून, उगाच बिचाऱ्याला कशाला?”

काढत नाही. निघताना कडी नीट लावून ये.

तुझं गिऱ्हाईक,
बाबा