फुली उघडी ठेव

४ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या धंद्यात जमिनीवर आठही अंगं टेकणं शुभ नसतं, हे तूच सांगितलंयस.

नोकरीचा पहिला आठवडा संपला. गंमत बघ, आपण दोघं विमानातून छत्रीने उड्या मारणाऱ्या एकाच पथकात, पण तू धावपट्टीजवळच्या बराकीत आणि मी शहरातल्या ऑफिसात, त्यामुळे बोलणं पत्रातूनच. वहिनीने लिहिलंय की घरातली पहिली पदवी मिळवून मुलगी मैदानात चादर अंथरायला गेली, असं आई शेजारणीला सांगते. आईला सांग, चादर नाही, फुली आहे. दोन लांब पांढऱ्या पट्ट्या एकमेकींवर आडव्या टाकायच्या, शेजारी स्टुलावर वारा मोजायचं यंत्र घेऊन बसायचं. वारा ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर गेला की एक पट्टी उचलायची. वरून फुलीच्या जागी नुसती रेघ दिसली की उडी रद्द, विमान माघारी. विमानातलं कुणी कापडाशी वाद घालत नाही, हे नियमपुस्तकातलं वाक्य मला फार आवडलं. मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

माझ्या आधीचा माणूस दिवसभराचा वारा संध्याकाळी चहा पिताना एकदम लिहायचा म्हणे. मी दर पाच मिनिटांनी लिहिते. आपले व्यवस्थापक साहेब कौतुकाने म्हणाले, की वाऱ्याची एवढी विचारपूस त्याच्या आईनेही केली नसेल. कौतुकच होतं ना ते?

गुडघा जप. वहिनीपासून लपवतोयस, माझ्यापासून नको.

तुझी,
धाकटी

१५ जानेवारी

चि. मास्तरीणबाईस,

पोटभर आशीर्वाद. तुझं अक्षर इतकं सुबक आहे की बराकीत सगळ्यांनी पत्र हाती घेऊन पाहिलं, वाचलं कुणीच नाही. घाबरू नकोस.

मंगळवारी एका शाळेच्या क्रीडादिनाला उतरलो. मुख्याध्यापकांचं भाषण चालू होतं आणि ते थांबेनात. आम्ही तिघं वरून रंगीत धूर सोडत आलो, मुलं उठून पळाली, गृहस्थ मात्र शिस्तीवर बोलत राहिले. आमचा नवा गडी उंच्या थेट त्यांच्या माइकच्या वायरीत उतरला तेव्हा भाषण संपलं. पोरगं चांगलं आहे, पण इतकं लांब, की विमानाच्या दारात आधी गुडघे येतात आणि मग तो. त्याला मीच शिकवतोय.

आता कामाचं. ८ फेब्रुवारीला नव्या क्रीडासंकुलाचं उद्घाटन आहे. मोठा झेंडा पायाला बांधून मी उतरायचं आहे. गेल्या वर्षी याच मंडळींच्या कार्यक्रमात तुझ्या आधीच्या माणसाने सव्वीसला पट्टी उचलली. तीस हजार लोकांनी हुर्यो केली. दुसऱ्या दिवशी पेपरात व्यंगचित्र, आम्ही सगळे विमानात छत्र्या उघडून बसलोय. वर्षभर त्यांनी बोलावलं नाही. आता बोलावलंय.

मी एक्केचाळीसचा. या गुडघ्याला डॉक्टर पुढच्या वर्षी पास करणार नाही. एवढं मोठं मैदान मला पुन्हा मिळायचं नाही. म्हणून सांगतो, फुली उघडी ठेव. तीसपर्यंतचा वारा मला तुझ्या भिंगरीपेक्षा जास्त कळतो. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागतोय.

तुझा,
दादा

२२ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार, आणि रागही. दोन्ही ठेवून घे.

तुझं पत्र वाचून ऑफिसात कुणाच्या तोंडाकडे बघवेना. पंचवीस म्हणजे पंचवीस. आपल्या माणसासाठी तीस आणि परक्यासाठी पंचवीस, असा नियम असतो का? मी कॉलेजात चार वर्षं जे जे वाचलं, ते सगळं या एका प्रश्नाशी येऊन थांबलं बघ.

पण हेही खरं, की तू नववीतून शाळा सोडलीस आणि माझं दप्तर मात्र कधी खाली ठेवू दिलं नाहीस. तुझ्या नावावर दोन हजार उड्या आहेत आणि माझ्या नावावर एक स्टूल.

मी हो म्हणत नाही. त्या दिवशी वारा पडलेलाच असेल, अशी आशा धरू. वहिनीला तू गॅलरीचा पास पाठवलास, ती हरखून गेलीय.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. वन्संस,

आशीर्वाद. इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे, वेडंवाकडं होईल. तू तिन्ही दिवस बाहेरच्या व्हरांड्यात बसून होतीस, मी तुला आत बोलावलं नाही. बोलावता आलं असतं.

कमरेचं हाड आणि डावी मांडी. डॉक्टर म्हणतात चालतील, पण काठी सुटायची नाही. मी गॅलरीत अगदी पुढे होते, पासच तसा होता. माझ्यापासून पंधरा पावलांवर ते लोखंडी कठड्यावर आले. आवाज तुला सांगत नाही.

ह्यांना शुद्ध आली तेव्हा आधी काय विचारलं असेल? झेंडा जमिनीला लागला का, म्हणून. मी म्हटलं, नाही लागला. लागला होता.

मला एकच सांग. त्या वेळी वारा किती होता? तुझ्या वहीत असेलच.

वहिनी

१४ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार करायला हात उचलत नाही, तरी करते.

वहिनीने विचारलंय, पण आधी तुला सांगते. चार वाजून दहा मिनिटांनी यंत्रावर एकतीस होते. तू म्हणालास त्यापेक्षाही एक जास्त. विमान कडेने वळत होतं. मी स्टुलावरून उठले, पट्टीचं टोक हातात धरलं. मग ते व्यंगचित्र आठवलं, तुझं मागणं आठवलं, आणि मी टोक सोडलं. दोन मिनिटांनी तू दिसलास. वहीत मी एकतीसच लिहिलेत. आकडा नीट आहे.

चौकशी लागलीय. काल साहेबांनी मला बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, ते पान पुन्हा लिहा, एकतीसच्या जागी बावीस करा. मर्यादा ओलांडून उडी झाली असं ठरलं तर पथकाचा परवाना जाईल, आठ माणसं घरी बसतील. मी म्हटलं, दादाला विचारून सांगते. त्यांना हसू आलं. म्हणाले, विचारा की, तो आमचाच माणूस आहे.

मला वाटतं मी खरं सांगावं आणि होईल ते भोगावं. तूही हेच म्हणशील ना?

तुझी,
धाकटी

१८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. उताणं पडून पेन चालत नाही, शाई उलटी चढत नाही. म्हणून पेन्सिल.

बावीस लिही.

एकतीस राहिले तर पहिला प्रश्न येईल, फुली उघडी का होती. काय सांगशील? भावाने सांगितलं म्हणून? मग तुझी नोकरी गेली, माझी इज्जत गेली आणि आठ घरांच्या चुली थंड. माझी हाडं काही एका आकड्याने जुळायची नाहीत. वाऱ्याचा आकडा वाऱ्यावर सोड. तत्त्वाचं भांडण पुढे कधीतरी कर, खूप आयुष्य पडलंय तुझं.

वहिनीला मी समजावतो.

दादा

२१ फेब्रुवारी

ती. दादास,

लिहिलं. अख्ख्या दिवसाचं पान नव्याने उतरवलं, दर पाच मिनिटांचं, त्याच पेनाने, खाली माझी सही. जुनं पान साहेबांसमोर मीच फाडलं. त्यांनी अक्षराची तारीफ केली.

धाकटी

२० मार्च

चि. वन्संस,

चौकशीचा निकाल आला. तू वाचला असशीलच, ऑफिसात आधी येतो. तरी लिहिते, म्हणजे माझ्या हातून एकदा लिहून होईल. वारा मर्यादेत होता, फुली योग्य रीतीने मांडलेली होती, अपघात उडी घेणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे आणि प्रेक्षकांची वाहवा मिळवण्याच्या हव्यासामुळे झाला. ह्यांचा उडीचा परवाना कायमचा रद्द. बराकीतल्या पाटीवरून नाव काढलंय म्हणे. पथकाला काही झालं नाही. आठही चुली पेटत्या आहेत, आमची सोडून.

ह्यांनी मला आकड्याचं सगळं सांगितलंय. ह्यांना एवढंच वाटलं होतं, की बावीस लिहिल्यावर कुणाचाच दोष निघणार नाही. वारा निर्दोष ठरल्यावर दोष माणसावरच येणार, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही? ते नववी शिकलेत, त्यांचं सोडून दे. तुझं काय?

मी तर चौथी. पण त्या दिवशी तो झेंडा माझ्या डोळ्यांसमोर पाटासारखा आडवा ताणला गेला होता. बावीसच्या वाऱ्यात असं होत नाही, हे कपडे वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचार.

हल्ली ते भिंतीकडे तोंड करून पडतात. तुझ्या पत्रांची उत्तरं ते देत नाहीत यात माझा हात नाही. पत्रं मी उशाशी ठेवते.

वहिनी

२ एप्रिल

ती. दादास,

तू उत्तर देत नाहीस, तरी नमस्कार.

गेल्या सोमवारी मी चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले. सगळं सांगितलं: एकतीस, फाडलेलं पान, साहेब, मी. तुझ्या मागण्याबद्दल मात्र बोलले नाही. पट्टी उचलायला घाबरले, असं म्हटलं, आणि ते खोटंही नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं, मला पाणी दिलं. मग म्हणाले, बाई, साहेबांसाठी बावीस लिहिणारी व्यक्ती भावासाठी एकतीसही सांगू शकते. सही तीच आहे. मी कुठल्या वेळची धरू? निकाल बदलणार नाही.

साहेबांना कळलंच. वाटलं, काढतील. काढलं नाही. मला काढलं तर माझ्या बोलण्यात तथ्य होतं असं दिसेल, म्हणून ठेवलंय. वर दुसऱ्या शाखेतल्या मुलींना वाऱ्याची वही कशी ठेवावी ते शिकवायला सांगितलंय.

आणि काल एका कारखान्याच्या वर्धापनदिनाला उडी होती. तीन वाजता यंत्रावर अठ्ठावीस. या वेळी मी कुणाचाच विचार केला नाही. पट्टी उचलली, घडी करून मांडीवर घेतली. खाली नुसती रेघ. शिट्ट्या सुरू झाल्या. साहेब तंबूतून माझ्याकडे बघत राहिले, उठलेसुद्धा नाहीत. आणि वर बघते तर छत्री उघडलेली. उंच्या. रेघेपासून हातभर अंतरावर दोन्ही पायांवर उतरला. काय टाळ्या पडल्या, दादा! पाहुण्यांशी हात मिळवायला तो कापडावरूनच चालत गेला.

मी त्याला नंतर गाठून विचारलं, रेघ दिसली नाही का. तो ओशाळला. म्हणाला, ताई, खाली कोण बघतं?

मी राजीनामा दिलाय. नियम मोडणारी मीच पहिली, हे मला मान्य आहे. माझ्या एका न उचललेल्या पट्टीने तुझा पाय नेला आणि त्या कापडाची किंमतही नेली. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण लिहून दे.

तुझी,
धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद. आता उठून बसतो, म्हणून पेन.

उंच्याला बोल लावू नकोस. तो माझ्या हाताखाली तयार झालाय. ८ फेब्रुवारीला विमानाच्या दारात मी पुढे होतो आणि तो माझ्या मागे, धुराची नळी धरून. त्याने विचारलं होतं, खाली फुली आहे की रेघ. मी झेंड्याची दोरी पायाला आवळत होतो. मी त्याला म्हटलं, खाली माझी बहीण बसलीय, बघायचं कारण नाही. विमानात सगळे हसले.

मी बघितलंच नाही, धाकटे. तुला उघडी ठेवायला सांगितली होती, मग बघायचं कशाला? तू पट्टी उचलली असतीस, पेटवून दिली असतीस, तरी मी उडी मारली असती. तुझ्या हातात त्या दिवशी काही नव्हतंच. होतं ते मी जानेवारीतच काढून घेतलं होतं.

हे तुला दोन महिन्यांपूर्वी सांगता आलं असतं. तू व्हरांड्यात बसली होतीस तेव्हाही. पण पाय गेल्याचं निम्मं ओझं तू आपण होऊन उचललं होतंस, आणि ते मला बरं पडत होतं. पुढे भिंतीकडे तोंड केलं ते दुखण्यामुळे नाही.

वहिनीला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र तिच्याच हाती टपालात देतोय, उघडंच.

लोभ असू द्यावा असं शेवटी लिहायचं असतं. या खेपेला ते मी मागत नाही.

दादा